कुठे अडलं ते सांगा

“मॅडम, आपका सॉफ्टवेयर चल नहीं रहा है,” एवढे सांगून ग्वाल्हेरच्या मुरार भागातल्या शाळेतले गुरुजी गप्प झाले. डॉक्टरपुढे बसून ‘पोटात दुखतंय’ म्हणावे आणि पुढचे सगळे त्याच्यावर सोपवावे, तसला तो गप्पपणा होता. मंजिरी चिटणीसने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून गॅस बारीक केला आणि नेहमीचा प्रश्न विचारला : नेमके कुठे अडले?

बरीच उलटतपासणी झाल्यावर उलगडा झाला. गुरुजींनी घरच्या संगणकावर प्रोग्रॅम व्यवस्थित बसवला होता. डेस्कटॉपवर त्याचे छोटे चित्र उमटले होते. ते चित्र तेवढे पेनड्राइव्हवर उतरवून ते शाळेत घेऊन गेले होते. घराच्या दाराचा फोटो काढून दुसऱ्या भिंतीवर चिकटवावा आणि दार उघडत नाही म्हणून गवंड्याला बोलवावे, असा तो प्रकार होता. पण हसायची सोय नव्हती. त्या महिन्यात असा फोटो चिकटवणारे ते एकटेच नव्हते.

“कोणाची चूक आज?” व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या सदाशिवरावांनी, तिच्या सासऱ्यांनी, मान वर न करता विचारले.

“आमची, बाबा.”

“चिटणिसांच्या घरातून पूर्वी दरबाराची पत्रं जात. आता सूनबाई गुरुजींना निरोप धाडते. असो. पण बिनपगारी नोकरीत एवढी बोलणी खाणारी तू पहिलीच.”

सासऱ्यांच्या बोलण्यात विष नसे; पण त्यात खोटेही काही नसे, आणि तेच अधिक लागे.

मंजिरी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातच वाढली. इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकली, काही वर्षे नोएडात नोकरी केली आणि मुलगी झाल्यावर परत आली. आता हरिशंकरपुरमच्या घरी बसून सराफा बाजारातल्या काही पेढ्यांचे संगणकाचे काम पाहत असे. त्या कामात पैसा होता. जीव रमत नव्हता. तशात महाविद्यालयातला जुना मित्र शंतनू काळवीट याचा पुण्याहून फोन आला. त्याने आणि इतर काही मंडळींनी मिळून शाळांसाठी गणिताच्या सरावाचा एक प्रोग्रॅम तयार केला होता. नाव ‘अंकपाटी’. इंटरनेट लागत नाही, पैसा लागत नाही, जुन्या यंत्रावरही चालतो. सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून शनिवार-रविवारी काम करणारे. “तू हिंदी शब्द तेवढे नीट करून दे,” शंतनू म्हणाला होता. मंजिरीने ते केले. मग ग्वाल्हेरच्या शिक्षकांचे फोन घेणारे कोणी नव्हते, म्हणून तेही तिच्याकडे आले.

प्रोग्रॅम चांगला होता. मूल चुकले तर ते कोणत्या पायरीवर चुकले हे त्याला कळत असे. तो संगणकावर बसवणे मात्र एक दिव्य होते. आधी दुसराच एक साहाय्यक प्रोग्रॅम बसवायचा. मग एक फोल्डर ठरावीक जागीच ठेवायचा. मग काळ्या पडद्याची एक खिडकी उघडून तिच्यात इंग्रजीत एक ओळ टाइप करायची, आणि त्या ओळीत एक मोकळी जागा जरी सुटली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दर रविवारी सकाळी ही सगळी मंडळी संगणकावरच एकमेकांना भेटत. दर रविवारी मंजिरी एकच मागणे मांडी : दोनदा क्लिक केले की सुरू झाला पाहिजे.

“आपण पायऱ्या लिहून दिल्यात की. चित्रांसकट,” शंतनू म्हणे.

“त्या वाचून कोणालाही कळत नाहीत.”

“कोणालाही? तुझ्या मोहितेबाईंना बरं कळतं. जूनपासून त्यांच्या शाळेतून एक तक्रार नाही. निवृत्तीला आलेल्या बाई करू शकतात, तर बाकीच्यांना काय धाड भरलीय?”

कुमुदिनी मोहिते या तिच्याच बाई. नई सडकेच्या मागच्या गल्लीतल्या शाळेत त्यांनी तिला सहावीत गणित शिकवले होते. मोहित्यांचे घराणे फौजेतले. बाईंचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते, आणि त्या घरात दुखले-खुपले बोलून दाखवायची रीत नव्हती. बाई अजूनही तशाच ताठ चालत. अंकपाटी शाळेत घेणाऱ्या शहरातल्या त्या पहिल्या. मंजिरी अधूनमधून फोन करून विचारी, “बाई, चालतंय ना?” आणि बाई सांगत, “छान चाललंय गं. मुलं खूष आहेत.” मंजिरीला आनंद होई, आणि रविवारी तोच आनंद शंतनू तिच्यावर उलटवी.

दिवाळी महिन्यावर आली असताना बाईंचा स्वतःहून फोन आला.

“मंजिरी, तू काम में तो नाहीस ना? एक विचारायचं होतं. तुझ्या प्रोग्रॅममध्ये मुलांनी किती गणितं सोडवली ते दिसतं न, ते काल तास संपल्यावर आमच्या सरांनी बघितलं. म्हणतात, पूर्ण तासात एकेका मुलाची चार गणितं पण होत नाहीत. एक कंपनीवाला येऊन राहिलाय त्यांच्याकडे. त्याचं आपलं वेगळं पॅकेज आहे, मुलांकडून फी घेणार. सर म्हणतात, सोमवारपासून संगणकाचा तास त्याला देऊन टाकू.”

“चार? बाई, पोरं दहा मिनिटांत चार सोडवतात! प्रोग्रॅम अडतोय का कुठे?”

“नाही गं, प्रोग्रॅम छान आहे,” बाई घाईने म्हणाल्या. “तू एकदा ये मात्र.”

दुसऱ्या दिवशी मंजिरी शाळा भरायच्या बरीच आधी पोचली. बाड्याच्या चौकात अजून गर्दी झाली नव्हती. नई सडकेवर दुकानांची शटरे अर्धी वर होती. फाटकावरचा चौकीदार म्हणाला, “मोहिते मॅडम तो कब की आ गईं. रोज़ सबसे पहले वही आती हैं.”

संगणकाची खोली मागच्या अंगाला होती. दाराबाहेर बाईंच्या चपला जोडून ठेवलेल्या. आत यंत्रांवरची कापडी आच्छादने घडी घालून टेबलाच्या कडेला रचलेली. पदर खोचून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन बाई एका यंत्रापुढे बसल्या होत्या, आणि काळ्या खिडकीत एका बोटाने एकेक अक्षर शोधत होत्या.

“बाई, हे काय करताय?”

“लावतेय.”

“काय लावताय?”

“तुझा प्रोग्रॅम. रोजच्यासारखा.” त्यांनी शेवटचे अक्षर दाबले, पडद्यावर अंकपाटी उघडली, आणि खुर्ची सरकवून त्या पुढच्या यंत्राकडे वळल्या.

मंजिरी उभीच राहिली. “रोज? बाई, हा एकदाच बसवायचा असतो.”

“एकदाच?” बाईंनी चष्म्यावरून पाहिले. “पण रात्रीत पुसला जातो न तो. सकाळी येऊन बघावं तर काही नाही. मला वाटलं, असंच असतं. दारात सडा तरी रोज घालतोच की आपण.”

“जूनपासून रोज?”

“सुट्टी सोडून.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू विचारायचीस, चालतंय ना. चालतंच की. लावला की चालतो.” बाई थोड्या संकोचल्या. “आणि तू एवढं मेहनतीनं केलेलं, फुकट दिलेलं. त्यात कुठे खोट काढायची? मुरारचे लोक तुला किती परेशान करतात ते तूच सांगायचीस.”

शहरभरच्या गुरुजींना मंजिरी ‘कुठे अडलं’ म्हणून खोदून खोदून विचारत होती. ज्या एका व्यक्तीचे रोज अडत होते, तिला मात्र होकार मिळेल असाच प्रश्न विचारत आली होती. राग आला होता. पण तो ठेवावा कोणावर? बाईंवर ठेवता येईना.

घंटा झाली तेव्हा निम्म्याच यंत्रांवर काम झाले होते. मुले आत आली, एकेका यंत्रापुढे तिघे-तिघे दाटीने बसली आणि माउससाठी भांडू लागली. उरलेल्या यंत्रांवर बाईंचे बोट चालूच होते. तास संपत आला तेव्हा कुठे शेवटचे यंत्र जागे झाले. त्या यंत्रापुढची मुले एकही गणित न सोडवता उठून गेली.

मंजिरीने एक यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. अंकपाटी नाहीशी झाली होती. कारण कळायला वेळ लागला नाही. मुलांनी काही बिघडवू नये म्हणून, ज्याने ही यंत्रे शाळेला पुरवली त्याने त्यांना असे कुलूप घातले होते, की यंत्र बंद झाले की दिवसभरात केलेले सगळे पुसून ते पहिल्यासारखे व्हावे. कुलपाचा पासवर्ड त्या पुरवठादाराकडे होता. पुरवठादार दुकान बंद करून कुठे गेला, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

घरी परतताना आपण काय केले पाहिजे हे तिला नेमके कळले. बाईंच्या तोंडून ऐकून शंतनूचा विश्वास बसणार नव्हता, कारण बाई त्याच्यापुढेही ‘छान आहे’ म्हणणार. त्याला हे डोळ्यांनी दाखवायला हवे होते, आणि तेही सोमवारच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतून तिने त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो ऑफिसला निघायच्या तयारीत होता.

“पाच मिनिटंच आहेत हां मला.”

“पाचात होणार नाही. बूट काढ आणि बस. आणि एक शब्द बोलायचा नाही, फक्त बघायचं.”

मंजिरीने फोन बाईंकडे वळवला. फोनमध्ये माणूस दिसताच बाईंनी खोचलेला पदर सोडून नीट घेतला आणि हात जोडले. “नमस्कार हो. फार छान केलाय तुम्ही लोकांनी प्रोग्रॅम. काही त्रास नाही.”

“बघ,” शंतनू खूष होऊन म्हणाला.

“बाई, तुम्ही कामाला लागा,” मंजिरी दातांवर दात ठेवून म्हणाली.

बाई कामाला लागल्या. इंग्रजी सूचना आली की ती पुटपुटत वाचायच्या, अर्थ न लागता तिथले ठरलेले बटण दाबायच्या, आणि काळ्या खिडकीपाशी आल्या की श्वास रोखून टाइप करायच्या. पहिले यंत्र झाले. दुसऱ्यावर ओळीतली एक मोकळी जागा राहून गेली. लाल अक्षरे आली. बाईंनी ‘अरे देवा’ म्हटले आणि पहिल्यापासून सुरू केले. तिसऱ्यावर पुन्हा तेच.

“बाई, तिथं नाही, उजवीकडचं—” शंतनूला राहवले नाही.

“तू इथे रोज नसतोस,” मंजिरी म्हणाली. “गप्प बस.”

पुण्यात त्याच्या मागे कुकरच्या शिट्ट्या झाल्या, त्याच्या बायकोने त्याला काही विचारले, त्याने तिला हातानेच थांबवले. इकडे मुले येऊन उभी राहिली, चुळबूळ करू लागली. एका मुलीने विचारले, “मॅडम, आज हमारा नंबर आएगा?” बाईंनी वर न पाहता, “आएगा बेटा, रुक,” असे उत्तर दिले. तो आला नाही. तास संपल्याची घंटा झाली.

मंजिरीने फोन आपल्याकडे वळवला. शंतनूचा चेहरा उतरला होता, पण तो म्हणाला, “हे वाईटच आहे. पण कुलूप आपलं नाही ना. त्यांनी ते काढून घेतलं की प्रश्न मिटला.”

मंजिरीने दीर्घ श्वास घेतला. तिला ओरडायचे होते. खोलीत मुले होती. “शंतनू, अशी कुलपं किती शाळांत असतील? जिथं मोहितेबाई नाहीत तिथं काय होतं, माहितेय? लोक एकदा बसवतात, दुसऱ्या दिवशी सापडत नाही म्हणतात आणि सोडून देतात. फोनसुद्धा करत नाहीत. तू ज्याला ‘तक्रार नाही’ म्हणतोस ना, ते हे आहे.”

मग शंतनू म्हणाला, “बाईंकडे दे.” आणि फोन बाईंच्या हाती गेल्यावर त्याने सरळ विचारले, “बाई, माझा मान राखू नका. खरं सांगा. त्रास होतो?”

बाईंनी मंजिरीकडे पाहिले.

“होतो,” बाई म्हणाल्या. शब्द बाहेर पडला तसे त्यांनाच नवल वाटले. “फार होतो. मान धरते. आणि मुलं ताटकळत उभी राहतात, ते मला बघवत नाही.”

“मला दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या,” शंतनू म्हणाला. “बसवावाच लागणार नाही असं करतो. पेनड्राइव्ह लावायचा, दोनदा क्लिक करायचं, बस.”

तेवढा वेळ देणे मात्र त्याच्या हाती नव्हते, बाईंच्याही नव्हते. ते होते मुख्याध्यापक दिग्विजयसिंह भदौरिया यांच्या हाती. मंजिरी त्यांच्याशी बोलायला निघाली, तेव्हा बाईंनी तिला थांबवले. “मीच बोलते,” असे म्हणून त्या पुढे झाल्या. सरांच्या टेबलासमोर मात्र त्या उगाच क्षणभर खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

“सर, वो प्रोग्राम रोज़ मिट जाता है. मैं रोज़ लगाती हूँ. बच्चों की गलती नहीं है, समय ही नहीं बचता.”

सरांनी पेन खाली ठेवले. “तो मॅडम, जून से आपने बताया क्यों नहीं?”

“लड़की ने मुफ़्त में दिया था, सर.”

सर कपाळाला हात लावून हसले की वैतागले, ते मंजिरीला नक्की कळले नाही. कंपनीवाला दिवाळीनंतर येईल, एवढे ते म्हणाले. त्यानंतर मात्र कोणी काही सांगायला यायचे नाही, असेही म्हणाले.

पुढचे दिवस मंजिरीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. शंतनूने शब्द पाळला. बाकीच्यांना पटवणे सोपे नव्हते. नागपूरचा एकजण म्हणाला, शिक्षकांना एवढेही येत नसेल तर त्यांनी संगणकाला हात लावू नये. त्याला शंतनूनेच त्या सकाळी पाहिलेले सगळे सांगितले. पहिला प्रयत्न यंत्रातल्या अँटिव्हायरसनेच अडवला. दुसऱ्यात हिंदी अक्षरांचे चौकोन झाले. प्रत्येक वेळी मंजिरी पेनड्राइव्ह सदाशिवरावांच्या हाती देई आणि मुद्दाम तोंड मिटून बाजूला उभी राही.

“सरळ ‘इथे दाबा’ असं लिहा ना!” ते चिडत. “कोडी कशाला घालता म्हाताऱ्या माणसाला?”

मग ‘इथे दाबा’ असे लिहिले गेले.

सुट्टीच्या आधीच्या शनिवारी मंजिरी प्रत्येक यंत्रासाठी एकेक पेनड्राइव्ह घेऊन शाळेत गेली. बाई सवयीने पहाटेच येऊन बसल्या होत्या आणि काय करावे ते न सुचून आच्छादनांच्या घड्या पुन्हा घालत होत्या. पेनड्राइव्ह लावले. दोनदा क्लिक. एकेक करून सगळी यंत्रे उघडली. एकाचा माउस मेला होता, तो बदलला. मुले आली, बसली, आणि लगेच गणितांना भिडली. बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांना या खोलीत शिकवायला वेळ मिळाला होता, आणि एका मुलाची हातच्याची चूक त्यांनी उभ्या उभ्याच समजावून दिली.

तास संपल्याची घंटा होऊनही कोणी उठेना. दिग्विजयसिंह सर दारात येऊन बराच वेळ उभे होते. त्यांच्या फोनची घंटी वाजली, त्यांनी नाव पाहिले, फोन कानाला लावला आणि बाहेर जात म्हणाले, “नहीं भाई, इस साल नहीं. अगले साल देखेंगे.”

त्या संध्याकाळी मंजिरी इतकी थकली होती की तिला कोणाशी बोलायची इच्छा नव्हती. तरी बाईंचे नाव पाहून तिने फोन घेतला. आभार मानायला केला असेल, असे तिला वाटले.

“मंजिरी, रागावणार नसशील तर एक सांगू?”

“सांगा ना.”

“अक्षर फार बारीक आहे गं. मागच्या बाकावरून काहीच दिसत नाही.”

मंजिरीने डोळे मिटले.

“आणि उत्तर बरोबर आलं की ती घंटी वाजते न, ती सगळ्यांची एकदम वाजते. डोकं उठतं. आणि भागाकारात बाकी कुठे लिहायची, ते मुलांना सापडतच नाही. जूनपासून नाही सापडत.” बाई क्षणभर थांबल्या. “जास्त होतंय का? अजून आहेत.”

मंजिरीला वैताग आला, हसूही आले. तिने शंतनूला निरोप लिहायला दुसऱ्या हाताने लॅपटॉप ओढून घेतला.

“नाही बाई,” ती म्हणाली. “एकेक करून सांगा. सगळं सांगा.”